एएव्ही-९ आणि नळीवरचा आकडा: सात-आठ महिने वापरल्यावर

एएव्ही-९ म्हणजे पेशीत जनुक पोचवणारा विषाणू; हृदयावरच्या प्रयोगांसाठी आम्ही तो विकत घेतो. त्याची दुसरी बॅच आली आणि डोकं फिरलं. जनुक तेच, प्रमोटर (जनुक कुठल्या पेशीत चालू व्हायचं ते ठरवणारा तुकडा) तोच, डोसही तोच. पण उंदराच्या पिल्लांच्या हृदयात प्रथिन पहिल्या बॅचच्या निम्मंसुद्धा नाही. दोन्ही नळ्यांवर मात्र छापलंय १ई१३. एकावर तेरा शून्यं, इतके विषाणूकण दर मिलीलीटरला.

आमचं जनुक एमवायबीपीसी३, हृदयस्नायूतल्या एका प्रथिनाचं; त्यात बिघाड झाला की हृदय जाड होऊ शकतं. आपल्याकडे त्यावर काम करायचं कारण वेगळं सांगायला नको: २५ अक्षरं गळालेली त्याची आवृत्ती दक्षिण आशियातल्या साधारण चार टक्के लोकांत सापडते, हे २००९ पासून माहीत आहे. उंदराचं जनुक, कोंबडीचा ट्रोपोनिन-टी प्रमोटर, वर एएव्ही-९ चं कवच, अशी तयार ऑर्डर बाहेरच्या एका कंपनीला दिली. जागेचं रडगाणं गात नाही. ४.७ केबीच्या (केबी म्हणजे डीएनएची हजार अक्षरं) डब्यात ३.८ केबीचं जनुक घातल्यावर जीएफपीला, म्हणजे हिरव्या चमकणाऱ्या खुणेच्या प्रथिनाला, जागा उरत नाही, म्हणून एक छोटा टॅग लावला आणि जीएफपीचा विषाणू कंट्रोल म्हणून वेगळा विकत घेतला. वेगळा म्हणजे वेगळ्या बिलाचा.

पहिल्या महिन्यात मी याला एकच तारा दिला असता. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात ‘कल्चर आणि प्राणी, दोन्हींसाठी’ असं ठळक छापलेलं. उंदराच्या नवजात पिल्लांच्या हृदयपेशींवर जीएफपीवाला टाकला, एका पेशीमागे लाखभर कण, तरी इकडे एक हिरवी पेशी, तिकडे एक. शेजारच्या प्लेटमध्ये जीएफपीच नेणारा दुसरा विषाणू, आमचाच जुना अ‍ॅडिनोव्हायरस होता, पेशीमागे काही दहा कण. दुसऱ्या दिवशी अख्खी प्लेट हिरवी, आणि पेशी मजेत धडधडतायत. हा अ‍ॅडिनो आम्ही १९९८ पासून चालत आलेल्या अ‍ॅडइझी पद्धतीनं एचईके-२९३ या माणसाच्या पेशींत घरीच वाढवतो. खर्च मीडियाचा आणि एका विद्यार्थ्याच्या झोपेचा. एवढंच, की त्यात पेशी न निवडणारा सीएमव्ही प्रमोटर असल्यामुळे तो फायब्रोब्लास्टमध्येही (हृदयातल्या जोडऊतीच्या पेशींत) तितक्याच उत्साहानं चालतो. प्री-प्लेटिंगमध्ये (फायब्रोब्लास्ट आधी वेगळे काढण्याच्या पायरीत) आळस केला की हृदयाऐवजी त्यांचाच निकाल हातात येतो.

मग जीएफपीवाला एएव्ही-९ पिल्लांना टोचला आणि मत बदलावं लागलं. काही आठवड्यांनी हृदयाचे काप मायक्रोस्कोपखाली ठेवले तर डाव्या जवनिकेची भिंत आरपार हिरवी. यकृत जवळजवळ काळं. विषाणू यकृतात भरपूर जातो, पण ट्रोपोनिनचा प्रमोटर तिथे तोंड उघडत नाही. अ‍ॅडिनोला हे जमत नाही. प्राण्यात गेला की प्रतिकारशक्ती त्याच्या मागे लागते आणि काही आठवड्यांत सगळं मावळतं. हॅम्बुर्गच्या गटानं २०१४ मध्ये हेच जनुक एएव्ही-९ मधून नवजात उंदरांना देऊन हृदय जाड होणं थांबवलं होतं. ते वाचूनच आम्ही यात पडलो. तेव्हा प्राण्यासाठी साडेचार तारे.

अर्धा तारा कापला तो टायटरचा, म्हणजे नळीवरच्या त्या आकड्याचा, आणि खरं तर तिथे मी चार तारे कापायला तयार आहे.

दोन्ही बॅचचे नमुने एकाच प्लेटवर लावले. आधी डीएनेज (कवचाबाहेरचा सुटा डीएनए खाणारं विकर), मग कवच फोडून क्यूपीसीआर (डीएनएच्या प्रती मोजणारी चाचणी), स्टँडर्ड (तुलनेसाठीचा, प्रमाण माहीत असलेला नमुना) एकच, प्रायमर (मोजायचा भाग पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) तेच. दुसरी बॅच पहिलीच्या जेमतेम एक तृतीयांश भरली. कंपनीचं उत्तर: ‘हा फरक चाचणीच्या मर्यादेत येतो.’ मोजता कसं, असं विचारलं तर कळलं की प्रायमर आयटीआरवरचे, म्हणजे विषाणूच्या डीएनएच्या टोकांवरचे, आणि स्टँडर्ड म्हणून गोल, पीळदार प्लाझ्मिड डीएनए. असं प्लाझ्मिड पीसीआरमध्ये मागे पडतं, त्यामुळे विषाणूचा आकडा फुगतो. ते कापून सरळ केलं की फुगवटा उतरतो. टायटर प्रत्येक प्रयोगशाळेत वेगळं येतं हे मान्य, त्यासाठीच तर एएव्ही-२ चा संदर्भ नमुना १६ प्रयोगशाळांकडून मोजून घ्यावा लागला होता. १ई१३ म्हणजे खरोखर किती, यावर वाद घाला हवा तेवढा. पण एकाच प्लेटवर दोन नळ्यांचं प्रमाण एकास तीन येतं, त्यावर कसला वाद? शेजारच्या विभागात हातापाया पडून डिजिटल पीसीआर करून घेतला, त्याला स्टँडर्डची गरजच नसते. प्रमाण तेच.

मग म्हणाले, वाटेत वितळला असेल. डबा उघडला तेव्हा निम्मा ड्राय आइस शिल्लक होता, फोटो आहे. तोही पाठवला. शेवटी पुढच्या ऑर्डरवर सवलत देऊ केली, म्हणजे माझे पैसे परत मिळवायला मी आणखी पैसे द्यायचे.

हिशेब बघा. नळी १०० मायक्रोलीटरची. मोठ्या उंदराला शेपटीच्या शिरेतून १ई१२ द्यायचं तर अख्खी नळी एका उंदरात संपते. म्हणून तर आम्ही पिल्लांवर काम करतो, त्यांना दहाव्या भागात भागतं. आकडा तिप्पट फुगलेला असेल तर खऱ्या कणांचा भावही तिप्पट. त्यात हा विषाणू साध्या प्लास्टिकला चिकटतो. नळी आली की लगेच लो-बाइंड नळ्यांत छोटे भाग करा, पातळ करताना बफरमध्ये ०.००१ टक्के प्लुरॉनिक (चिकटणं रोखणारं द्रव्य) घाला, आणि एकदा वितळलेला भाग परत उणे ८० मध्ये कोंबू नका. सिरिंजमध्ये आधी साधा बफर फिरवून घ्या.

प्लेटमधल्या पेशींसाठी एएव्ही-९ वर एक रुपया घालवू नका. एएव्हीच हवा असेल तर कल्चरमध्ये एएव्ही-६ बरा, नाहीतर अ‍ॅडिनो आहेच. प्राण्यासाठी घ्या, पण पूर्ण प्रयोगाच्या नळ्या एकाच लॉटमधून, कंट्रोलसकट एकाच वेळी मोजलेल्या. नव्या मागणीपत्रात मी तीन अटी घातल्यात: लॉट नंबर कोटेशनवरच हवा, टायटर डिजिटल पीसीआरनं मोजलेलं हवं, आणि रिकाम्या, आत जनुक नसलेल्या कवचांचं प्रमाण लेखी हवं. पहिल्या दोन कंपन्यांनी कोटेशनच पाठवलं नाही. तिसरीनं पाठवलंय, दर दीडपट आहे, आणि हिशेब करता तोच स्वस्त पडतोय.