फिटनेस बँड आणि सवयींचे अ‍ॅप: आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मनगटावरचा फिटनेस बँड आणि त्याच्या जोडीचे सवयी नोंदवण्याचे अ‍ॅप मी गेले आठ-नऊ महिने रोज वापरत आहे. व्यायामाच्या आणि नेटक्या आहाराच्या सवयी अशा साधनाने खरोखर लागतात का आणि लागल्या तर टिकतात का, हे पहिल्या पंधरवड्यात कळत नाही, म्हणून हा अभिप्राय मी मुद्दाम उशिरा लिहीत आहे. उपकरणाच्या बांधणीबद्दल तक्रार नाही. पट्टा टोचत नाही, बॅटरी पुरेशी टिकते आणि झोपेतही तो हातावर राहू देता येतो. अ‍ॅप ज्या पद्धतीने सवय लावू पाहते, तिच्याविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे.

अ‍ॅप उघडताच ते २१ दिवसांचे आव्हान समोर ठेवते. हा आकडा सर्वत्र फिरत असला तरी त्याचे मूळ सवयींच्या अभ्यासात नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये असे निरीक्षण नोंदवले होते की, शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या बदललेल्या चेहऱ्याशी जुळवून घ्यायला रुग्णांना किमान २१ दिवसांच्या आसपास लागतात. पुढे त्यातला ‘किमान’ गळून पडला आणि चेहऱ्याच्या जागी कोणतीही सवय आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एखादी नवी कृती आपसूक होऊ लागण्यासाठी साधारण ६६ दिवस लागल्याचे दिसले, आणि माणसागणिक हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. व्यायामाला साध्या कृतींपेक्षा जास्त वेळ लागतो, असेही त्यात आढळले आणि माझा अनुभव त्याच्याशी तंतोतंत जुळतो. सकाळी उठल्यावर पाणी पिणे आणि दुपारच्या जेवणात भाजीचे प्रमाण वाढवणे लवकर अंगवळणी पडले. व्यायामाला मात्र आव्हानाची मुदत संपून बरेच आठवडे उलटले तरी मनाची तयारी करावी लागत होती. ही तफावत आधी माहीत नसेल, तर तीन आठवड्यांनी जमत नाही असे वाटून कितीतरी माणसे सोडून देत असतील, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्याहून अधिक हानी सलग दिवसांची साखळी करते. एक दिवस चुकला की अ‍ॅप मोजणी शून्यावर आणते. तापाने काही दिवस अंथरुणात गेल्यावर माझ्या कित्येक आठवड्यांच्या नोंदीची जागा एका मोठ्या शून्याने घेतली, आणि बरे वाटू लागल्यावर पुन्हा सुरुवात करणे त्या शून्यामुळेच जड गेले. वर उल्लेखलेल्या अभ्यासात तर एखादी संधी हुकल्याने सवय घडण्याच्या प्रक्रियेत लक्षणीय फरक पडला नव्हता. खंड पडणारच आहे. सवय टिकते की नाही हे त्यानंतर आपण किती लवकर परततो यावर ठरते, आणि नेमके तेच मोजण्याची सोय या अ‍ॅपमध्ये नाही. मी साखळीचा आकडा मुख्य पडद्यावरून काढून टाकला आणि महिन्याचा तक्ता पाहू लागले. महिनाभरातले भरलेले आणि रिकामे दिवस एकत्र दिसले की खंड तेवढ्यापुरताच राहतो.

ठरलेल्या वेळी वाजणाऱ्या स्मरणसूचनांचा उपयोगही अल्पकाळच झाला. सूचना येते तेव्हा आपण दुसऱ्याच कामात असतो, आणि थोड्या दिवसांत ती न वाचताच पुसून टाकली जाते. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने मांडलेली ‘अमुक झाले की तमुक करायचे’ अशी जर-तर योजना मला कितीतरी अधिक उपयोगी पडली: काम संपवून संगणक बंद केला की लगेच बूट घालायचे, इतकेच ठरवले. घड्याळाच्या वेळा मागेपुढे होतात, पण संगणक रोज बंद होतोच. माझ्या मते व्यायामाची सवय लावण्याचे श्रेय बँडपेक्षा या जोडणीचे आहे.

आहाराच्या विभागाबद्दल मी सर्वांत सावध आहे. खाल्लेला प्रत्येक पदार्थ नोंदवून कॅलरी मोजणे वेळखाऊ आहे आणि घरी शिजवलेल्या अन्नाच्या बाबतीत तो बहुतांशी अंदाजच असतो. व्यायामात खर्च झालेल्या कॅलरी अ‍ॅप दिवसाच्या हिशेबात परत जोडते, ही तर थेट दिशाभूल आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये सात मनगटी उपकरणे तपासली, तेव्हा बहुतेकांचे हृदयाचे ठोके बऱ्यापैकी अचूक निघाले, पण ऊर्जाखर्चाच्या बाबतीत सर्वांत बरे उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होते. मी कॅलरी बंद करून दिवसाला एकच नोंद ठेवली: फळे आणि भाज्या मिळून जागतिक आरोग्य संघटना सांगते ते किमान ४०० ग्रॅम झाले की नाही. खाण्याविषयी आधीच मनावर ताण असणाऱ्यांनी हा विभाग उघडूच नये, असे मी आग्रहाने सांगेन.

पावलांचे १०,००० हे लक्ष्यही १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाले. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस मिनिटांत आहे: प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम. हालचाल सलग दहा मिनिटांची असावी ही जुनी अटही आता राहिलेली नाही, आणि मला तिच्या जाण्यानेच सर्वाधिक मोकळीक मिळाली, कारण अधूनमधून चढलेले जिनेही त्या मिनिटांत धरता येतात. म्हणून लक्ष्य मी पावलांवरून आठवड्याच्या मिनिटांवर नेले.

एका बाबतीत बँडने मला असे काही दाखवले, जे एरवी लक्षात आले नसते. झोपेची आणि व्यायामाची नोंद शेजारी ठेवून पाहिल्यावर, चुकलेले बहुतेक दिवस अपुऱ्या झोपेनंतरचे होते, आणि त्याच दिवशी अवेळी खाणेही वाढलेले होते. तेव्हापासून रात्री मोबाइल-संगणकाचे पडदे बंद करण्याची वेळ मी आहार-व्यायामाच्या सवयींइतकीच कसोशीने पाळते.

चालणाऱ्यांना आणि झोपेचा माग ठेवू इच्छिणाऱ्यांना हा बँड मी सुचवेन, मात्र पहिल्याच दिवशी साखळी, कॅलरी आणि तासातासाच्या सूचना बंद कराव्यात. ज्यांचा भर ताकदीच्या व्यायामावर आहे, त्यांनी घेऊ नये. वजने उचलणे किंवा दंड-बैठका यांची नोंद तो नीट करत नाही आणि ती मला आजही हातानेच भरावी लागते.