नेट-सेट पेपर एकचा क्लास, मराठी माध्यमवाल्यांनी लावावा का?

नेट (देशपातळीवरची) आणि सेट (राज्याची) या सहायक प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षा, त्यातला पेपर एक सगळ्या विषयांना सारखाच असतो. सदाशिव पेठेतल्या एका क्लासला त्याची शनिवार-रविवारची बॅच केली. माझं एमए इतिहासात, मराठीतून, आणि सध्या तासिका तत्त्वावर शिकवतेय, त्यामुळे हा रिव्ह्यू आपल्यासारख्यांसाठीच. नाव टाकत नाही कारण तक्रारीही आहेत.

तर्कशास्त्राचे सर मात्र जबरदस्त!! भारतीय तर्कशास्त्र बहुतेकजण पाठ करून सोडून देतात, सरांनी अर्थापत्तीला देवदत्ताचं जुनं उदाहरण घेतलं, देवदत्त दिवसा जेवत नाही तरी लठ्ठ आहे म्हणजे रात्री जेवत असणार, आणि लगेच शेजारी धूर-अग्नीचं अनुमान मांडून दाखवलं की तिथे व्याप्ती (धूर तिथे अग्नी हा कायमचा संबंध) आधी माहीत असावी लागते, इथे मात्र दोन गोष्टींचा मेळच बसत नाही म्हणून तिसरी मानावी लागते. हेत्वाभासही (अनुमानातली फसवी कारणं) असेच डोक्यात बसले. डेटा इंटरप्रिटेशनला (तक्ते-आलेखांवरचे प्रश्न) आकडेमोड न करता अंदाजाने पर्याय कसे उडवायचे तेही छान शिकवतात, गणित दहावीनंतर सुटलेल्यांना याचा फार उपयोग आहे.

आता तक्रार. संशोधन आणि आयसीटीच्या (माहिती-संप्रेषण तंत्रज्ञान) नोट्स फक्त इंग्रजीत, टेस्टही इंग्रजीतच. सेटचा पेपर एक मराठी-इंग्रजी दोन्हीत असतो, नेट मात्र इंग्रजी-हिंदीत, म्हणजे आपल्याला दोन्हीकडच्या संज्ञा यायलाच हव्यात. टेस्टमध्ये प्रश्नाखाली मराठी मजकूर द्यायला कितीसा वेळ लागतो? गावाकडून आलेली हुशार मुलं नुसत्या भाषेपायी मागे बसून राहतात, हे बघवत नाही. (भाषांतरात गडबड असली तर इंग्रजी प्रश्नच अंतिम धरतात, त्यामुळे परीक्षेत दोन्ही वाचा.)

दुसरं म्हणजे ऑफिसमध्ये चौकशी केली की अजून सांगतात सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडी कंपल्सरी आहे. अहो, २०१८ च्या नियमांत विद्यापीठांसाठी तसं होतं, ते पुढे ढकललं आणि २०२३ मध्ये युजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) बदललंच, सहायक प्राध्यापकाला नेट किंवा सेट ही किमान अट. पदव्युत्तरला ५५ टक्के हवेत, आरक्षित प्रवर्गाला ५०. आणि सेट महाराष्ट्र-गोव्यापुरतीच चालते, बाहेर जायचं असेल तर नेटच द्या, हेही फी घेण्याआधी सांगायला पाहिजे ना.

एक गोष्ट सर रोज बजावायचे, निगेटिव्ह मार्किंग नाही, तीन तासांत दोन्ही पेपर मिळून १५० प्रश्न, एकही कोरा सोडू नका.

तर गणित-तर्काची भीती असेल तर बिनधास्त लावा, सायन्सवाल्यांना नुसती टेस्ट सिरीज पुरेल. इंटरव्ह्यूची किंवा इंग्रजीतून लेक्चर द्यायची तयारी इथे अजिबात होत नाही, आणि पेपर दोनसाठी तर जाऊच नका, इतिहासाला वेगळे शिक्षकच नाहीत.