क्लायंबर गुलाब कशावर चढवायचा: ग्रिल, तारा, बांबू की कमान?

नेरुळला आमचं सिडकोचं रो हाऊस आहे, त्याच्या बाजूच्या भिंतीला एक क्लायंबर लावलाय, चार वर्षं झाली आणि फांद्या आता बारा-तेरा फुटांच्या झाल्यात. आणताना मी न्यू डॉन समजून आणलेला, तोच तो फिकट गुलाबी ज्याला 1931 मधे अमेरिकेतलं पहिलं प्लांट पेटंट मिळालं, पण फुलं निघाली चक्क राणी कलरची. असो. त्याच्यासाठी आत्तापर्यंत तीन आधार करून बघितले आणि चौथा मैत्रिणीकडे बघितला, म्हणून लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात घ्या, कारल्याच्या वेलाला असतात तसे पकडायचे धागे गुलाबाला नसतात, तो स्वतःहून चढत नाही, तुम्ही बांधाल तसाच राहणार. आणि फांदी सरळ वर गेली की फुलं फक्त शेंड्याला येतात, तीच आडवी किंवा तिरकी बांधली की मधल्या डोळ्यांतून (फांदीवरच्या कळ्यांसारख्या उंचवट्यांतून) फुटवे येतात आणि फांदीभर फुलं. म्हणजे आधार उभा करायला कमी, आडवं पाडायलाच जास्त लागतो.

ग्रिल सगळ्यात सोपं, खर्च शून्य, फ्लॅटवाल्यांना बहुतेक तेवढाच पर्याय, कारण बाहेरच्या भिंतीला ड्रिल मारलं आणि पावसाळ्यात खालच्यांकडे ओल आली तर सोसायटीचं पत्र आलंच म्हणून समजा. फक्त फांद्या गजांमधून आतबाहेर विणू नका, मी विणल्या होत्या, ग्रिलला रंग द्यायची वेळ आली तेव्हा अर्ध्या कापाव्या लागल्या. गजाच्या बाहेरच्या अंगाला ठेवून बांधायच्या. पश्चिमेचं ग्रिल असेल तर एप्रिल-मे मधे लोखंड असलं तापतं की कोवळी पानं करपतात.

बांबू दिसायला गोड आणि स्वस्त, पण मातीत खोचलेलं टोक आमच्याकडे दोन पावसाळ्यांत कुजलं, वर वाळवी. छोट्या कुंडीतल्या क्लायंबरला ठीक, बारा फुटी झाडाला नाही, कारण पावसात भिजलेला तो सगळा पसारा वाऱ्यात शिडासारखा फुगतो.

कमान मैत्रिणीकडे आहे, ठाण्यात, घोडबंदर रोडला, तळमजल्याच्या बागेत. फोटोत एक नंबर. पण वर पोचल्यावर फुलं आभाळाकडे तोंड करतात, ती बघायला मिळतात पहिल्या मजल्यावरच्यांना, आणि वरची छाटणी शिडी लावून, काटे अंगावर घेत.

आता आमच्याकडे तारा आहेत आणि भिंत तुमची स्वतःची असेल तर माझं मत सरळ तारांना. भिंतीत फिशर (प्लास्टिकचे प्लग) मारून आय हुक, म्हणजे गोल कडीचे हुक, बसवायचे, जमिनीपासून दीड फुटावर पहिली तार, मग दर सव्वा-दीड फुटाला एक, एका टोकाला टर्नबकल म्हणजे ढिली पडली की पिळून ताणता येते. भिंतीपासून तीन-चार इंच अंतर मात्र सोडाच, आपल्या दमट हवेत मागून वारा खेळला नाही की पानांवर काळे डाग आणि भुरी (पांढरी बुरशी) ठरलेली. साधी तार घेऊ नका, खाडीच्या हवेत लगेच गंजते, जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली घ्या, बजेट असेल तर स्टेनलेस.

बांधायला काय, यात मी सगळ्यात मोठा गाढवपणा केलाय. केबल टाय पटापट लागतात म्हणून सगळीकडे तेच, घट्ट. फांदी जाड होत गेली, टाय तेवढाच राहिला, सालीत नखभर रुतला, आणि जुलैतल्या एका वादळी रात्री बरोबर तिथूनच फांदी मोडून शेजारच्या काकूंच्या तुळशीवर. काकू काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. बांधकामाची बाइंडिंग वायर तर त्याहून वाईट. सुतळी चालते पण पावसाळ्यानंतर बदलावी लागते. मला जुन्या सुती साडीच्या पट्ट्या सगळ्यात बऱ्या वाटल्या, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा घ्यायचा, गाठ तारेच्या बाजूला आणि आत बोट जाईल एवढं सैल.

फांद्या वाकवायचं काम पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या छाटणीसोबतच करा. यंदाची हिरवी फांदी वाकते, जुनी तपकिरी झालेली कटकन मोडते, म्हणून ती आहे तिथेच राहू द्या. हिरवीसुद्धा एका दिवसात पूर्ण आडवी करायची नाही, आज थोडी, चार-पाच दिवसांनी अजून थोडी, आणि चामड्याचे हातमोजे घाला, त्या रबरी मोज्यांतून काटे आरपार जातात.