नेपाळहून बाळ आणून देतो म्हणाला

दत्तक मुलाची वाट बघणाऱ्या आपल्या खान्देशातल्या बहिणींसाठी हे लिहितेय. आम्ही रावेर तालुक्यातले, केळीवाले. लग्नाला सतरा वर्षं झाली. दवाखाने करून थकलो तेव्हा ‘कारा’च्या, म्हणजे दत्तक देण्याचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, पोर्टलवर नाव नोंदवलं. दोन वर्षं गेली, नंबर काही लागेना.

त्याच सुमाराला केळीच्या व्यापाऱ्याच्या ओळखीने एक माणूस घरी येऊ लागला. ह्यांना आबा म्हणायचा, मला वहिनी. म्हणाला, “दोघांची वयं मिळून ८५ च्या वर गेली की दोन वर्षांच्या आतलं बाळ देत नाहीत.” हा नियम खराच आहे. आमची बेरीज ८३. एक गोष्ट खरी निघाली, म्हणून पुढचं सगळंच खरं वाटलं. नेपाळच्या आश्रमांत मुलं भरपूर, सीमा खुली, पासपोर्ट नको, व्हिसा नको, गोरखपूरच्या पुढे सीमेवर सोनौली आहे, तिथल्या नाक्यावर बाळ हातात देतो, असं तो म्हणाला.

तीन लाख चाळीस हजार दिले. पहिले पन्नास केळीच्या कटाईतून, बाकीचे माझ्या पाटल्या मोडून. सगळे रोख, पावती नाही. पावती मागितली की म्हणायचा, “वहिनी, बाळाच्या कामात संशय नको.”

त्याने मोबाईलवर फोटो पाठवला. पिवळी टोपी, गालावर काजळाची तीट. सासूबाईंनी जुन्या नऊवारीची कुंची शिवली. मग ‘नेपाळ सरकार’चं मंजुरीपत्र आलं, शिक्क्यासकट. मी ते देव्हाऱ्यात ठेवलं, रोज हळदकुंकू वाहिलं. त्या पत्रावर वर सिंहांची मुद्रा होती, आपल्या नोटेवर असते तीच. नेपाळच्या पत्रावर आपले सिंह कसे, हा प्रश्न मला दोन महिने पडला नाही.

ठरल्या दिवशी भुसावळहून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूरला गेलो. पिशवीत कुंची, दुधाची बाटली, लंगोट. लॉजवर दोन दिवस बसलो. त्याचा फोन बंद.

परत आल्यावर पोलिसांत तक्रार दिली आणि जळगावला जिल्हा बाल संरक्षण कक्षात गेलो. तिथल्या मॅडमनी जे सांगितलं ते आधी कळलं असतं तर! परदेशातलं मूल घ्यायचं तर आधी त्या देशाच्या कायद्याने तिथली सगळी प्रक्रिया पूर्ण व्हावी लागते, आणि कारा मूल व पालक दोघांचे अहवाल तपासून मंजुरी देते. यात एजंटाला जागाच नाही. सीमा खुली आहे ती माणसांच्या ये-जा करण्यासाठी, मूल उचलून आणण्यासाठी नाही. नेपाळात ‘टाकून दिलेलं’ म्हणून दाखवलेल्या मुलांच्या कागदांवर विश्वास ठेवता येईना, म्हणून अमेरिकेने २०१० मध्येच अशी मुलं दत्तक घेणं थांबवलं. इथिओपियाने २०१८ मध्ये परदेशी दत्तक बंद केलं, चीननेही २०२४ मध्ये नात्यातली थोडी प्रकरणं सोडून बंद केलं. म्हणजे जगभर ही दारं मिटत चाललीत आणि आम्हाला मात्र तीन महिन्यांत बाळ मिळणार होतं.

मॅडम पुढे म्हणाल्या, “ताई, बाळ खरंच हातात दिलं असतं तर तुम्ही आज आरोपी असता.” बाल न्याय कायद्याच्या कलम ८१ प्रमाणे मूल विकणारा आणि विकत घेणारा, दोघांनाही पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. मला पैशांपेक्षा ते जास्त लागलं. त्या फोटोतल्या बाळाची आई कुठेतरी असेलच ना. तिच्याबद्दल मी एकदाही विचारलं नव्हतं.

कुणी रोख मागितले, फोटो आधी दाखवला, ‘मागच्या दाराने’ म्हणाला, तर तिथेच थांबा आणि मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, १०९८ वर कळवा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा.

तो आम्हाला सारखा सांगायचा, कारावरचं नाव काढून टाका, दोन ठिकाणी नाव असलं की अडचण येते. तेवढं मात्र ह्यांनी ऐकलं नव्हतं. आमचा नंबर अजून यादीत आहे.