‘आठव्या पिढीचा आय-सेव्हन’ सांगून गळ्यात मारलेला कॉम्प्युटर

माझी धाकटी बहीण कीर्तनात पेटीची साथ करते, स्वतः चाली बांधते. घरीच रेकॉर्डिंग करावं म्हणून तिने शिकवण्यांच्या पैशांतून २८,००० रुपयांचा सेकंडहँड ‘म्युझिक पीसी’ घेतला. दुकानदार म्हणाला, “ताई, आय-सेव्हन आहे, आठव्या पिढीचा. विंडोज ११ पण टाकून देतो.”

आत निघाला आय-सेव्हन ८६०. हा प्रोसेसर २००९ सालचा, पहिल्या पिढीतला! आठव्या पिढीचा नंबर चार आकडी असतो, उदाहरणार्थ ८७००. सुरुवातीचा ८ दाखवून त्याने धडधडीत खोटं सांगितलं. इतक्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालतच नाही; तपासणी चुकवून बसवलेलं होतं.

तानपुरा, तबला, गळा असे ट्रॅक चढले की आवाज तुटायचा. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाच्या नमुन्यांचा (सॅम्पलचा) गठ्ठा, २५६ वरून १०२४ सॅम्पल केला की तुटणं थांबतं, पण ४४.१ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४४,१०० सॅम्पल) त्या एका बफरचाच उशीर सुमारे २३ मिलिसेकंद. बोट आधी पडतं, सूर मागून येतो. द्रुत लयीत वाजवायचं कसं? शिवाय या चिपमध्ये एव्हीएक्स (प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांचा एक संच) नाही, त्यामुळे ते लागणारे नवे प्लगइन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायचे वाद्यांचे, इफेक्टचे प्रोग्रॅम) चालतच नाहीत.

मला सर्वांत जास्त चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. ‘लाखाचं सॉफ्टवेअर फुकट’ म्हणून त्याने क्रॅक केलेले प्लगइन भरून दिले आणि त्यासाठी विंडोजचा डिफेंडर हा अँटिव्हायरस बंद करून ठेवला. त्याच मशीनवर ती बँकेचे व्यवहार करत होती! आम्ही डिस्क पुसली, सगळे पासवर्ड बदलले. चोरीच्या सॉफ्टवेअरची गरजही नव्हती: रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येतं, घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरचा आहे.

घेणार असाल तर पैसे देण्याआधी, दुकानातच, टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा. स्टिकरवर जाऊ नका. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्क किती तास चालली ते दिसतं. आपला एखादा भरगच्च प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर नेऊन तिथेच वाजवून बघा. दुकानदार नको म्हणाला तर सरळ निघून या. आणि बिलावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहून घ्या. बहिणीच्या बिलावर ‘कॉम्प्युटर सेट, १ नग’ एवढंच आहे आणि दुकानदार आता कानांवर हात ठेवतो. नशिबाने त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या जाहिरातीत ‘आठवी जनरेशन’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवताना आम्ही तोच पुरावा दिला. असे मेसेज पुसू नका.