ग्रेपनेट : पेटीवरून बाग सापडते, पुढचं काय?

युरोपला द्राक्षं पाठवायची तर ग्रेपनेटमधूनच, म्हणजे माल कुठल्या बागेतला हे शोधून देणाऱ्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतूनच जावं लागतं. तेव्हा वापरावं की नाही हा प्रश्नच उरत नाही. कुठे अडकतं तेवढं बघायचं.

अपेडाने (शेतमाल निर्यातीचं केंद्र सरकारचं प्राधिकरण) २००६ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली आजही आपलं मुख्य काम चोख करते. पॅलेटवरच्या कोडवरून पॅकहाऊस (माल जिथे भरला ते ठिकाण), रेसिड्यूचा म्हणजे फळात उरलेल्या औषधांचा अहवाल आणि शेवटी प्लॉट सापडतो. आंबा, डाळिंब, भाजीपाल्यालाही पुढे हाच साचा लावला गेला, तो उगाच नाही.

नोंदणी कृषी खात्याकडे, प्लॉटनिहाय. एकाच गटात दोन तारखांना छाटणी झाली असेल तर दोन प्लॉट दाखवा. एकच दाखवला आणि एका बाजूचा नमुना फेल गेला, की इंटर्नल अलर्ट (त्या प्लॉटचा माल थांबवण्याची सूचना) लागतो आणि दोन्हीकडचा माल अडकतो.

खरी गोम अहवालात आहे. नमुना काढल्यानंतर कोणी फवारा मारला, तर प्रणालीला पत्ता लागत नाही, युरोपात रॉटरडॅम बंदरात लागतो. युरोपने वेगळी मर्यादा न ठरवलेल्या औषधांना ०.०१ मिलिग्रॅम प्रतिकिलो लागू होते. म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम! शेजारच्या टोमॅटोवरचा फवारा वाऱ्याने आला तरी पुरतो.

शिवाय ‘पास’ म्हणजे यादीतल्या रसायनांपुरतं पास. २०१० मध्ये हेच नडलं. खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यातली छाटणी) शेंडा रोखायला मारलेलं सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराइड) वेलीच्या लाकडात राहिलं आणि फळात उतरलं. आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. इथले अहवाल स्वच्छ, आणि कंटेनर युरोपात अडकलेले. पुढे ते यादीत आलं. संजीवकांच्या (वाढ कमी-जास्त करणाऱ्या रसायनांच्या) मिश्रणात नेमकं काय आहे, हे लेबलवर लिहिलेलं नसेल तर ते टाकीत ओतू नये.

भावाच्या बाबतीत मात्र ग्रेपनेटकडून अपेक्षा ठेवू नका. ते युरोपच्या कायद्याचं दार उघडतं, सुपरमार्केटचं नाही. तिथे ग्लोबलगॅप (शेतीपद्धतीचं खासगी प्रमाणपत्र) लागतं, आणि जर्मनीतल्या काही साखळ्या कायदेशीर मर्यादेच्या एक तृतीयांशच रेसिड्यू चालवून घेतात. भारत आता भरवशाचा पुरवठादार झालाय, पण नव्या रंगीत वाणांची रॉयल्टी बाहेर जाते आणि शेल्फवरची किंमत तिकडेच ठरते. थॉमसनवर, त्या जुन्या हिरव्या वाणावर, किती वर्षं काढणार?

२०२३ च्या अखेरीपासून जहाजं तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास दोनेक आठवड्यांनी लांबला. प्रीकूलिंगला (काढणीनंतर लगेच थंड करायला) उशीर झालेला माल अशा प्रवासात उघडा पडतो: देठ वाळतो, मणी गळतात. माल खराब निघाल्याचा क्लेम आला की ग्रेपनेट प्लॉट दाखवतं, रिफरमधलं (थंड कंटेनरमधलं) तापमान दाखवत नाही. लॉगरची (कंटेनरमधलं तापमान टिपणाऱ्या यंत्राची) नोंद निर्यातदाराकडून मागून घ्या, तीही हिशेबावर सही करण्याआधी.