डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) फोटो पुरे, की डोळ्याच्या आतला द्रव तपासायचा?

परळच्या आयसीयूंबाहेरच्या बाकांवर हा प्रश्न मी वारंवार ऐकते. रक्तात कँडिडा बुरशी सापडलेली असते, ती रक्तातून डोळ्यात उतरू शकते म्हणून नेत्रतज्ज्ञ पेशंटला बघून गेलेले असतात. फोटो दुखत नाही आणि दुसऱ्या तपासणीत डोळ्यात सुई जाते, त्यामुळे घरचे म्हणतात, "मॅडम, फोटोवरच भागवा ना." मी हे फोटो काढते, तरी दर वेळी हो म्हणता येत नाही.

फोटोची मोठी सोय म्हणजे हातात धरायचा कॅमेरा खाटेपाशी नेता येतो, व्हेंटिलेटरवरच्या माणसाला हलवावं लागत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालून अर्धा तास थांबायचं, की काम झालं. कँडिडाचे पांढुरके, कापसाच्या बोंडासारखे ठिपके त्यात छान दिसतात. पण मधुमेह, रक्तदाब किंवा नुसता जंतुसंसर्ग असला तरी पडद्यावर पांढरे डाग उमटतात, आणि फोटोत ते फसवे दिसू शकतात. साध्या कॅमेऱ्यात पडद्याची कडही येत नाही. म्हणून डॉक्टरांनी डोक्याला दिवा बांधून भिंगातून केलेली तपासणी आधी. कॅमेरा येईपर्यंत ती अडवून ठेवू नका.

डाग किती खोल गेलाय हे ओसीटी, म्हणजे प्रकाशाने पडद्याचे थर दाखवणारी तपासणी, दाखवते, पण त्यासाठी बहुधा पेशंटला बसून हनुवटी टेकवावी लागते. आतून सगळं गढूळ झालं असेल तर फोटो आणि ओसीटी दोन्ही हात टेकतात, तिथे सोनोग्राफी करतात.

सुईने डोळ्यातल्या जेलीसारख्या द्रवाचा थेंबभर नमुना घेतात. बुरशी कोणती हे त्यातून कळू शकतं आणि त्याच बैठकीत अँफोटेरिसिन किंवा व्होरिकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध डोळ्यात सोडता येतं. धोका आहेच: रक्तस्राव, पडदा सुटणं. कल्चरला, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून बघायला, कित्येक दिवस लागतात आणि बुरशी असूनही ते निगेटिव्ह येऊ शकतं.

माझं मत विचाराल, तर रक्तात कँडिडा सिद्ध झालेली असेल, डाग नेहमीच्या धाटणीचे आणि पडद्यापुरतेच असतील, तर सुईची घाई नको. औषध सुरू करून काही दिवसांनी पुन्हा त्याच जागेचे फोटो घ्यायला सांगा, डाग वाढला की आटला हे दोन फोटो शेजारी ठेवले की दिसतं. पण जेली गढूळ होत असेल, किंवा रक्तात काहीच सापडलं नसेल आणि डोळा बिघडत असेल, तर नमुन्याला नाही म्हणू नका.

बुबुळावर, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक भागावर, पांढरा डाग, लाली आणि दुखणं असेल, शेतातली काडी लागली असेल किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल, तर पडद्याच्या फोटोत वेळ घालवू नका. तिथे बुबुळ खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. केमिस्टकडून स्टेरॉइडचे थेंब आणून तर अजिबात घालू नका, बुरशी त्यावर फोफावते.